मायझिऱ्याची शीव

अंजनदरी,
१४ जानेवारी १९४३, संक्रांत

जगदेवदादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं आणि लेखणी अडली. मग मी तिला ढकललं नाही.

तुझा पत्ता सरकीच्या एका व्यापाऱ्याकडून मिळाला. तो म्हणाला, "खंडव्याच्या जिनिंगमागे एक म्हातारे पाटील राहतात. बोली वऱ्हाडी आहे, पण बोलत कुणाशीच नाहीत." मी म्हटलं, तो आमचाच.

मी दसऱ्यापासून गावात राहते आहे. वाशीमच्या मुलींच्या शाळेतली नोकरी संपली. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मग राहायचं कुठे? मारुतीच्या देवळामागची, बाबा जिथे कडबा ठेवायचे ती खोली सारवून घेतली आहे. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून मुलींच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या बाजूला लिहिते आहे. उलटून पाहिलंस तर कुणीतरी गंगेचा उगम चुकवलेला दिसेल.

दादा, डोंगर तसेच आहेत. चढावर अंजनाची झाडं तशीच उभी आहेत, थंडीत थोडी विटकी. पूर्वेच्या उतारावर धावडा आणि साग. सकाळी धुकं अडाण नदीवरून चढून येतं आणि आपल्या दरीत शिरून वाट चुकल्यासारखं थांबतं. काल रोह्यांचा कळप हरभऱ्यात उतरला होता. मी खोलीतून बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या, तर त्यातला निळा नर माझ्याकडे असा बघत राहिला की मीच परत आत गेले. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस आम्हाला भूगोल शिकवायच्या. सातपुड्याचं नाव आलं की मी हात वर करायची. "सिस्टर, माझं गाव डोंगरात आहे." त्या हसून म्हणायच्या, "तुझा डोंगर वेगळा आहे मुली, नकाशात त्याला नाव नाही." मला फार राग यायचा.

त्या असंही सांगायच्या की पत्र म्हणजे भेट, आणि भेटीला जाताना तोंड धुऊन जावं. मी धुतलं आहे. आता मुद्द्यावर येते.

गावात पाणी नाही. देवळाजवळची विहीर पौषातच तळाला लागते. बायका खाली अडाणवर जातात. ती घाटी तुला आठवत असेल, जिथे बकरीसुद्धा आधी विचार करते. गेल्या वैशाखात मनकर्णाबाईची सून दोन घागरी घेऊन चढताना पडली. तिला उचलून आणलं ते चादरीत. मनकर्णाबाई म्हणजे आपल्या आईबरोबर जात्यावर बसायची ती. आता तीच नातवंडांना सांभाळते, आणि तीच पाणी आणते. या उन्हाळ्यानंतर अर्धी घरं शेलूबाजारला जायची म्हणत आहेत. अर्धी गेली की उरलेली राहणार नाहीत.

आणि मायझिरा, आपला झरा, शेजारच्या लोणखेडीच्या हद्दीत, देशमुखांच्या भिंतीआड, बारा महिने वाहतो आहे. त्यावर त्यांची केळीची बाग आहे.

मला तो दिवस आठवतो. माझं दहावं वर्ष होतं, तुझं एकविसावं. बाबा अंगात ताप घेऊन देवळाच्या पायरीवर बसलेले. तू ओलेत्याने उभा, अनवाणी, डोक्यावर ओल्या फडक्यात शिवेची माती, फडक्याला लिंबाचा पाला खोचलेला. त्याच्या आधी तू मला मागच्या दाराशी बोलावलंस आणि म्हणालास, "रुखमे, तो लाल परकर घाल. अन् घोडखडकावर जाऊन उभी राह्य. हालू नको बरं. तू दिसली का मले धीर येते." मी उभी राहिले. पायावर मुंग्या चढल्या तरी हलले नाही. तुझ्या मागे दोन गावं चालत होती आणि कुणी शब्द बोलत नव्हतं. सालईच्या झाडापाशी आलास आणि माझ्याकडे वळून सरळ चालत आलास. मला वाटलं, सगळ्या जगात याला मीच दिसते आहे.

तू चाललास तीच शीव ठरली, आणि झिरा तिकडे राहिला.

चाळीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले, की माझा दादा चुकला, वाट चुकली, माती डोळ्यांत गेली असेल. खोटं तो चालणार नाही. त्या लाजेने तू गाव सोडलंस, असंही मीच सांगितलं. आई गेली तेव्हाही आला नाहीस, त्यालाही मी तेच कारण दिलं.

ये दादा. आपल्याकडे चालून ठरलेली शीव चालूनच बदलते, आणि ज्याने चालली त्यानेच. एकदा ये आणि चूक दुरुस्त कर.

तीळ पाठवते आहे. गूळ लोणखेडीचा आहे, दुसरा मिळाला नाही.

तुझी
रुखमा

---

अंजनदरी,
१९ फेब्रुवारी १९४३

दादा,

तुझं उत्तर नाही. सरकीवाला म्हणतो की पत्र त्याने तुझ्या हातात दिलं. तू ते उघडलं नाहीस, पण टाकूनही दिलं नाहीस, खिशात ठेवलंस. म्हणून पुन्हा लिहिते.

पळस फुलले आहेत. डोंगर खालून पेटल्यासारखा दिसतो. शाळेतल्या मुलींना मी कधी गावाचा इतिहास लिहायला सांगितला नाही. सगळ्यांचा सारखाच आला असता, कुणीतरी पाटलाने वसवलं आणि कुणीतरी साधूने आशीर्वाद दिला. आपल्या गावाचा खरा इतिहास एवढाच आहे की एका खडकातून पाणी येत होतं. उंबराच्या मुळाशी, गाईच्या तोंडासारख्या कपारीतून. आधी गुरं थांबली, मग गुराखी थांबले, मग त्यांनी बायका आणल्या. बाबा म्हणायचे, "गाव आपण नाही वसवलं बाप्पा, गाईनं वसवलं."

छपन्न्याच्या दुष्काळात मी इतकी लहान होते की मला फक्त आवाज आठवतात. झिऱ्याभोवती आपलं गाव, लोणखेडी, खालचा बंजाऱ्यांचा तांडा, सगळे होते. हद्द कुणी विचारली नाही. चुली मांडायला दगड लागले, तर माणसांनी शिवेचे दगडच उपटले. त्या दगडांवर सगळ्यांची आंबील शिजली. दुष्काळ सरला, माणसं पांगली, आणि दगड कुठले होते ते कुणालाच सांगता येईना. तीन वर्षांनी देशमुखांनी केळी लावायची ठरवली, तेव्हा कुठे लोकांना शीव आठवली.

सरकारी मोजणीदार साखळी घेऊन आला होता. मनकर्णाबाई अजून हात नाचवून सांगते. मोजणीदार म्हणाला, जुना नकाशा मागवतो, महिनाभर थांबा. आपल्या म्हाताऱ्यांना ते अपमानासारखं वाटलं.

"कायले पायजे साखळी? आमचा पोट्टा माती घेऊन चालते. डोक्स्यावर माय घेऊन कोनी खोटं चालते काय?"

मोजणीदार हसला म्हणे, आणि साखळी गुंडाळून गेला. जगात दुसरं कुठलं गाव आपल्या पाण्याचा नकाशा असा परत पाठवील? पण ते आपलं गाव होतं, आणि वाटही एकट्या तुलाच ठाऊक होती. दसऱ्याला सीमोल्लंघनाला बाबा फक्त तुलाच नेत. मुलींना नेत नसत.

आता बातमी. लोणखेडीच्या देशमुखांच्या घरात भागूशिवाय कुणी उरलेलं नाही. भागीरथी, माझी कॉन्व्हेंटची सोबतीण. बारा वर्षं आम्ही एका खोलीत शेजारच्या खाटांवर झोपलो. ती आता विधवा आहे, पांढरं नेसते आणि चष्म्यावरून बघते. मी परवा गेले होते. ती म्हणाली, "रुखमा, मला कुणासाठी केळी लावायची आहे? झिरा घ्या. मी लिहून देते."

मी धावत आले. चावडीवर सगळ्यांना सांगितलं. आणि कुणी हललं नाही!

मनकर्णाबाई म्हणाली, "दान कायले घ्यावं वं आमी? आमचंच पानी, अन् देशमुखीन आमाले दान देते?"

"अहो, पण पाणी तर मिळेल ना!"

"चालून गेलं, चालून येईन. न चालता शीव हालवली का गावात दिवा राह्यत नाही. तुह्या भावाले बोलाव."

मी रागावले. म्हटलं, तुमच्या सुना घाटीत मरतील आणि तुम्ही रीत सांभाळाल. ती शांतपणे म्हणाली, "मेली ते माहीच सून होती, बाई."

म्हणून ये. भागू कबूल आहे. तू चालशील तिथे ती दगड लावू देईल. हनुमान जयंतीला चालायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. तुला फक्त यायचं आहे आणि चालायचं आहे, बोलायचं काहीच नाही. तुला बोलायला आवडत नाही हे मला माहीत आहे.

तुझी
रुखमा

---

अंजनदरी,
११ मार्च

जगदेवदादा,

आज मी तोंड धुतलेलं नाही.

काल भागूकडे गेले होते. केळीचं पान मांडून तिने मला जेवू घातलं. आम्ही शाळेच्या गोष्टी काढल्या. मेणबत्त्यांचा वास, रविवारची प्रार्थना, सिस्टर आग्नेसनी मला पहिल्यांदा पियानोवर बोटं ठेवू दिली तो दिवस. मी म्हटलं, "भागू, तुझ्या वडिलांचे उपकार. त्या वर्षी मी चावडीवर कविता म्हटली आणि ती ऐकून त्यांनी मला तुझ्याबरोबर धाडलं, नाहीतर मी इथेच शेण्या थापत बसले असते."

तिचा हात पानावर थांबला.

"कविता?"

"हो. आईने तसंच सांगितलं होतं."

"रुखमा," ती म्हणाली, "तुला खरंच ठाऊक नाही? मला वाटायचं, तुला ठाऊक आहे आणि तू मोठ्या मनाने कधी बोलत नाहीस."

मग तिने सांगितलं. तुला तिच्या बापाने माडीवर बोलावलं. विचारलं, झिरा सोडून चाललास तर काय घेशील? त्यांना वाटलं तू शेत मागशील. तू म्हणालास, "माह्या बहिनीले तुमच्या पोरीसंगं शाळेत घाला. जितकं शिकन तितकं शिकवा." भागू जिन्यात बसून ऐकत होती. नंतर तिच्या बापाने तिला बजावलं की तुझी सोबतीण येते आहे, तिच्यासमोर झिऱ्याचं नाव काढायचं नाही. बारा वर्षं शेजारच्या खाटेवर झोपून तिने काढलं नाही.

ती चुकून बोलून गेली असं नाही, दादा. तिला वाटलं, मी हे कधीच माफ केलेलं आहे.

मी पान अर्धं टाकून उठले. घरी चालत आले. वाटेत देशमुखांच्या भिंतीजवळून यावं लागतं आणि आतून पाणी ऐकू येतं. मी कानांवर हात ठेवले, पन्नाशीच्या बाईने, भर रस्त्यात.

तू चुकला नव्हतास तर.

मी मागितलं होतं का? भागूचं ते चित्रांचं पुस्तक पाहून मी रडले होते, हे खरं. आठवडाभर हट्ट केला असेल. नऊ-दहा वर्षांचं पोर रडतं. त्याला गूळ देतात, एखादी चापट देतात. त्याच्यासाठी गावाचं पाणी विकतात का?

ज्या ज्या गोष्टीवर मी प्रेम केलं ती प्रत्येक मी आज हातात घेऊन पाहिली. माझं अक्षर. मी शिकवलेल्या मुली. मास्तरांशी ओळख झाली तीही एका पुस्तकावरून. रात्री म्हणते ती प्रार्थना. प्रत्येकीतून पाणी गळतं, दादा. आणि सुट्टीत पांढरे मोजे घालून दमणीतून मी या गावात उतरायची तेव्हा आमची मनकर्णाबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन बाजूला व्हायची, माझ्या दमणीला वाट द्यायला.

खोटं तू चाललास. किंमत म्हणून माझी शाळा घेतलीस. आणि मला सांगितलं नाहीस.

आता विनंती करीत नाही. ये.

रुख्मिणी

---

अंजनदरी,
६ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच शब्द, ‘येतो. जगदेव.’ अक्षर बाबांसारखं झालं आहे. मी ते चारचौघांत वाचलं आणि नंतर आत जाऊन पुन्हा वाचलं. मागच्या पत्रातलं एक अक्षरही मी परत घेत नाही, पण कार्ड उशीखाली ठेवलं आहे. काय करू?

गावाने रंग बदलला आहे. अंजनाला नवी पालवी आली आहे, तांब्यासारखी लाल, उन्हात पाहवत नाही. मोहाची फुलं पहाटे पडतात, पोरं टोपल्या भरतात, गावभर तो गोडसर वास भरून राहिलेला असतो. मनकर्णाबाईने तुझ्यासाठी नवं फडकं आणलं आहे, मातीचं. ती रोज विचारते, "येते ना वं जगदेव? पायतन घालून नको येऊ म्हना. मंग पाय कोवळे पडतात, अन् चालता येत नाही."

"खंडव्याहून अनवाणी यायचा का तो?"

"येईना का. आमी रोज अडाणवर जातो तशाच."

तुला हसू येईल. मलाही आलं, बऱ्याच दिवसांनी.

सगळ्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते समजतात, तू चूक सुधारायला येतो आहेस. तू चाललास की मग सांगायची गरजही उरणार नाही, असा मी मनाशी हिशेब केला. हे तुझ्यासाठी करते आहे की माझ्यासाठी, ते मला नीटसं कळत नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या मोटारीने शेलूबाजारला उतर. तिथे मोटारथांब्यासमोर हबीबचं हॉटेल आहे. हबीब ओळखीचा आहे, त्याच्या दोन्ही मुली माझ्याकडे शिकल्या. तिथेच बस. बैलगाडी पाठवते.

तुझी
रुखमा

---

अंजनदरी,
२३ एप्रिल

जगदेवदादा,

गाडी रिकामी आली. जयंतीला सबंध गाव देवळासमोर बसून होतं. लोणखेडीचे लोकही आले होते. भागू छत्री धरून उभी होती. माती भिजवून ठेवली होती, ती दुपारपर्यंत वाळली. मनकर्णाबाईने पुन्हा पाणी शिंपडलं. पिण्याच्या घागरीतलं. संध्याकाळी लोक एकेक करून उठले. कुणी मला काही म्हटलं नाही, आणि ते जास्त लागलं.

मी म्हटलं, आजारी असशील. मोटार चुकली असेल. बघ, अजूनही मी तुझी कारणं शोधत होते!

काल स्वतः शेलूबाजारला गेले. हबीबने मला पाहिलं आणि गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.

"बाई, तुमचे भाऊ आले होते."

मी बाकावर बसले.

"दुपारच्या मोटरनं उतरले. मी म्हटलं, चच्चा, गाडी येऊनच राह्यली, बसा. चाय पिली. मंग बूट काढून बाकाखाली ठेवले. मी म्हटलं, अवो, फरशी तपेल हाय, पाय भाजतीन. म्हने, भाजू दे, उद्या चालाचं हाय. मले विचारलं, सालईचं झाड हाय काय अजून? म्या म्हटलं, हाय. मंग काय केलं, बाई, कपातली चाय टेबलावर सांडली अन् बोटानं लकीर काढाले लागले."

"कसली?"

"शिवेची. मले दाखवलं. म्हने, अठी सालई. अठून उजव्या हाताले वळाचं, कोरड्या नाल्यात उतराचं, नाल्यानंच उंबरापाशी. उंबर डाव्या अंगाले ठेवून झिऱ्याच्या वरून काळ्या टेकडीले जाचं. म्हने, ध्यानात ठेव. म्या म्हटलं, चच्चा, मले काय सांगता, गावाले सांगा. तर रडाले लागले. म्हने, तुले सांगता येते, तू तठचा नाहीस."

"मग?"

"मंग तुमची गाडी दूर रस्त्यानं येताना दिसली. त्यांनी पाह्यली. बूट घातले, अन् अकोल्याच्या मोटरमंधी चढले. म्या हाक मारली, बाई. खुदा कसम, मारली. गाडीवाल्याले काही नाही बोललो, म्हटलं, तुमालेच सांगीन."

तो म्हणत होता, टेबल मी पुसलं नव्हतं, पण माशा फार झाल्या.

एका चहावाल्याला तू सांगू शकलास. मला नाही. मनकर्णाबाईला नाही. आपली बैलगाडी दिसल्यावर तू पळालास. पहिल्या वेळी तू माझ्यासाठी पाणी विकलंस, आणि आता मला वाऱ्यावर सोडलंस. यातलं कुठलं मोठं, ते ठरवायला मी बसले नाही. मी गावात आले आणि चावडीवर सगळं सांगितलं. माडी, शाळा, भागूचा जिना, सगळं. म्हटलं, मी शिकले ते तुमच्या पाण्यावर. आता मला काय म्हणायचं ते म्हणा.

मनकर्णाबाई तंबाखू थुंकून आली आणि म्हणाली, "आमाले ठाऊक होतं व माय."

"काय ठाऊक होतं?"

"जगदेव सालईपासून जसा वळला तसंच समजलं. आमी का आंधळे होतो? मंग तू देशमुखाच्या दमनीत बसून गेली, तवा सारंच समजलं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? इतकी वर्षं?"

"माती घेऊन चालला. त्याच्यावर कोन बोलन? अन् मंग बोलून काय करतं? पानी तर गेलंच होतं. म्हटलं, जाऊ द्या, एक पोट्टी तरी शिकून राह्यली." मग ती जराशी हसली. "तू सुट्टीत येऊन इंग्रजी गानं म्हने, आमी विहिरीवर तुही नक्कल करो."

सगळे हसले, दादा. माझ्यावर हसले. त्यात राग नव्हता, म्हणून मला ते सोसवेना. तुला, भागूला, आईला, गावाला, सगळ्यांना ठाऊक होतं. एकटी मी तेवढी तुझी वाट चुकली असं घरोघर सांगत फिरत होते, आणि लोक माझं मन राखायला माना हलवत होते.

रुख्मिणी

---

अंजनदरी,
९ मे

दादा,

हे शेवटचं पत्र. उत्तरपत्रिकाही संपल्या आहेत.

अखाजीच्या दिवशी, अक्षय तृतीयेला, शीव चालली गेली. मी चालले.

आधी वाद झाला. बाईने कधी माती घेतलेली नाही. मनकर्णाबाईने तो मोडला. ती म्हणाली, "हिच्यात बापाचं, शालिग्राम पाटलाचंच रगत हाय. ज्यानं चालली तो पळाला, तर त्याच्या घरचं पाऊल चालते. अन् गेलं ते हिच्यासाठीच गेलं ना? मंग हेच आनन." लोणखेडीच्या एकाने विचारलं की हिला वाट काय ठाऊक? तेव्हा हबीब पुढे आला. दुकान बंद करून आला होता. त्याने चावडीच्या धुळीत तुझी रेघ जशीच्या तशी काढली. मी पाहिली आणि पाठ केली. मुलींकडून नद्या पाठ करून घ्यायची, तशी.

न्हाऊन ओलेत्याने निघाले. मातीचं वजन किती असतं हे तू कधी सांगितलं नाहीस. मान वळत नाही. पाणी गळून डोळ्यांत येतं आणि मातीसकट येतं. तळपायांना फोड आले ते देवळापासून पहिल्या वळणावरच. मागे दोन गावं येत होती, आणि इतक्या माणसांच्या न बोलण्याचा एक आवाज असतो, तो पाठीवर पडत होता. रीत आहे की वाटेत कुणी काही खूण करायची नाही, दाखवायचं नाही, हाक मारायची नाही. कुणी मारली नाही. सालई आली, ती मला तिच्या वासावरून कळली. डोळ्यांपुढे सगळं तांबडं आणि ओलं होतं, दिसत काहीच नव्हतं.

तिथे मी थबकले. थांबू नये असं आहे, पण क्षणभर थांबलेच. मनात आलं, मला काही दिसत नाही, तर दादाला कसं दिसलं असेल? आणि दादा तर सरळ गेला होता. लांब माळ, खाली सारखे दिसणारे काळे दगड, डोक्यावर माती, आणि दादा ओढलेल्या दोरीसारखा सरळ.

मग मला माझा लाल परकर आठवला.

पाण्याच्या बदल्यात तू मला शाळेत घातलंस, ते एक वेळ मी सोसलं असतं. भागू म्हणते, त्याने स्वतःसाठी काही घेतलं नाही, त्यात माया होती. असेल. पण तुला धीर नको होता, दादा. तुला खूण हवी होती. मोठ्या माणसाला खडकावर उभं करता आलं नसतं, लोक ओरडले असते. लहान मुलीकडे कोण बघतं? भाऊ चालतो आहे, बहीण उभी आहे. माझ्या सगळ्या आयुष्यात ती एकच गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती, जपून ठेवली होती, कॉन्व्हेंटमध्ये घरची आठवण आली की तीच काढायची. सगळ्या जगात याला मीच दिसते आहे. दिसत होतेच.

मी उजवीकडे वळले. नाल्यात उतरले तेव्हा पाणी ऐकू आलं. भागूने आदल्या दिवशी भिंतीला खिंडार पाडून ठेवलं होतं. त्या आवाजावर चालत गेले. उंबर डाव्या हाताला लागला, त्याची साल मी खांद्याने ओळखली. काळ्या टेकडीवर पोचले तेव्हा माती उतरवून घ्यायला चार हात पुढे आले. त्यांतला एक हबीबचा होता.

दगड बसले आहेत. मायझिऱ्यावर बायका सकाळी इतकं भांडतात की देवळापर्यंत ऐकू येतं. शेलूबाजारला निघालेल्या घरांनी गाड्यांवरचं सामान उतरवलं. मनकर्णाबाईची नात घागर बुडवते आणि विनाकारण परत ओतते, पुन्हा बुडवते. तिला कुणी रागवत नाही.

तुझ्यासाठी एक बाटली भरली होती, सरकीवाल्याच्या हाती द्यायला. दोन दिवस ती कोनाड्यात राहिली. आज सकाळी मी ती दारातल्या तुळशीला घातली.

तुझ्यावर रागावून लिहायचं असं ठरवून बसले होते, पण ते होत नाही. डोळ्यांपुढे घोडखडकच येतो. ऊन चढलेलं, आणि मुंग्या पायावरून परकरात शिरलेल्या. त्या चावत होत्या, दादा. मी अजिबात हलले नव्हते.

रुख्मिणी